सगळ्या देशांचं चालणारं यंत्र

धायरी, ६ जून २०१०

चि. सौ. नम्रता,

तुझं पार्सल पोचलं. चॉकलेटं वितळली आहेत आणि डीव्हीडी शाबूत आहे. म्हणजे ज्याची गरज होती ते आलं, आणि ज्याची नव्हती त्याचा चिखल झाला. तक्रार नाही.

तू लिहितेस, "वहिनी, दोघे भाऊ बोलत नाहीत म्हणून आपणही बोलायचं नाही असं थोडंच आहे?" अगदी खरं. या घराण्यात भाऊ भांडतात आणि जावा निरोप पोचवतात. इंद्रजीत भावजींनी अमेरिकेत बसून वकिलाची नोटीस पाठवली आणि जमिनीची वाटणी मागितली, त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून आमच्या ह्यांनी धाकट्या भावाचं नाव टाकलं. आणि आपल्या दोघींच्या सासूबाईंनी देवापुढे उभं राहून सांगितलं, इंद्रजीतशी बोलणार नाही. मी त्यांना आत्याबाई म्हणते, तू मम्मी म्हणायचीस. त्यांना ते अजून आठवतं आणि अजून हसू येतं.

पण तुमच्या संस्कृतीच्या लग्नाची डीव्हीडी आली म्हटल्यावर आत्याबाई खाटेवर उठून बसल्या. ह्यांनी विचारलं, "बोलणार नाही म्हणाली होतीस ना?" तर म्हणतात, "बोलणार न्हाई म्हनले. बगणार न्हाई असं कुटं म्हनले?" आईपुढे ह्यांचं फार चालत नाही, हे तुला सांगायला नको.

संस्कृती सहा वर्षांची होईपर्यंत त्यांच्या कुशीत झोपायची. तुम्ही तिला घेऊन निघालात तेव्हा त्यांनी स्वतःच्या गळ्यातली ठुशी काढून तिच्या इवल्या मुठीत दिली होती, लग्नात घाल म्हणून. त्या ठुशीवर आता सगळं येऊन थांबलंय. "पोरीच्या गळ्यात माजी ठुशी दिसली, तर मी समजंन माजं पोरगं अजून माजं हाय," त्या म्हणाल्या. "मी सोता त्याला बोलवून घेईन. न्हाई दिसली, तर माज्या मढ्यालाबी त्यानं येऊ नये." हे त्यांनी ह्यांच्यासमोर सांगितलं, माझ्यासमोर सांगितलं आणि शेजारच्या सोजरबाईंना मुद्दाम हाक मारून सांगितलं. म्हणजे आता मागे घेणं नाही.

घाई आहे ती डोळ्यांची. साखर डोळ्यांत उतरली आहे. सदाशिव पेठेतले डॉक्टर म्हणाले, जे बघायचं असेल ते दिवाळीच्या आत बघून घ्या. तू पाठवलेले फोटो त्यांनी नाकाला लावून बघितले, लाल-पांढरं काहीतरी दिसतं म्हणाल्या. शिवाय ते फोटो रिसेप्शनचे, पोरगी गाऊनमध्ये. टीव्हीवर मोठं दिसलं तर अजून ओळखू येतं त्यांना.

अडचण एवढीच की तुझी डीव्हीडी इथे लागत नाही. आमच्या प्लेअरने ती दोनदा गिळली आणि दोनदा ओकली. माझ्या साईनाथला सोजरबाईंकडून बंगलोरला फोन केला तेव्हा त्याने समजावलं. म्हणे डीव्हीडी काढणाऱ्यांनी जगाचे भाग पाडलेत, अमेरिकेचा नंबर एक, आपला पाच, आणि एकाची तबकडी दुसऱ्याच्या यंत्रात चालत नाही. आपण एका शेतासाठी कोर्टात जातो. या लोकांनी अख्ख्या पृथ्वीची वाटणी करून टाकली, आणि कुणाची आई रडली नाही.

तर सगळ्या देशांचं चालणारा प्लेअर आणायला हवा. मी आणते. तू निर्धास्त राहा.

प्रेमला


धायरी, १८ जुलै २०१०

चि. सौ. नम्रता,

इतके दिवस लागले खरे. आधी माझा गुडघा, मग पाहुणे. तुमच्याकडे बटण दाबलं की वस्तू दारात येते. इथे माणसाला उठून जावं लागतं.

अखेर पुण्यात तपकीर गल्लीत जाऊन आले. कुठला घेतला आणि का, ते सविस्तर कळव म्हणतेस, म्हणून सविस्तर कळवते.

दुकानदार बापूराव. मी म्हटलं, "सगळ्या देशांचं चालणारा डीव्हीडी प्लेअर दाखवा."

"कुठल्या कुठल्या देशांचं चालवायचंय?"

"अमेरिकेचं."

"मग सगळ्या कशाला म्हणता?"

असा माणूस भेटला की मला बरं वाटतं. त्यांनी तीन यंत्रं मांडली. पहिलं चिनी. वजनाला पापडाच्या डब्याएवढं, रिमोटवर चिनी अक्षरं, पण कुठल्याही देशाचं घाला, निमूट चालवतं. बापूराव म्हणाले, "सहा महिने टिकेल. तुमचं लग्न किती वेळाचं आहे?" मी म्हटलं तीन तासांचं. म्हणाले, "मग हेच न्या." पण नम्रता, आपल्या घरात चिनी वस्तू ठेवायची? ह्यांच्या घरात काय येतं याकडे अख्ख्या धायरीचं लक्ष असतं. नको म्हटलं.

दुसरं दुबईहून आलेलं. खोक्यावरच छापलेलं, सर्व देशांसाठी. दणकट, देखणं. पण त्याची पिन जाडी, आपल्या भिंतीत बसत नाही. बापूराव म्हणाले, अडॅप्टर देतो. मी म्हटलं, म्हातारं माणूस घरात आहे, लोंबकळती वायर नको.

तिसरं नामांकित कंपनीचं, आपल्याच देशासाठी बनवलेलं. हे फक्त पाच नंबर खातं. पण तबकडीचा खण उघडा ठेवून रिमोटवर चार आकडे दाबले की कुठल्याही देशाचं चालवतं. "दाबून देऊ का?" बापूरावांनी विचारलं. "दोन मिनिटांचं काम आहे."

मी विचारलं, "त्याने कंपनीची गॅरंटी जाईल का?"

"जाईल."

"मग नको."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "बाई, तुम्हाला लग्न बघायचंय का गॅरंटी?"

मी म्हटलं, "आधी घरी नेऊन बघू." त्यांनी ते चार आकडे तोंडी सांगितले. रस्त्यावर रिक्षांचा एवढा गोंगाट, कोण लक्षात ठेवतंय? तिसरं यंत्र घेऊन आले. वस्तू घ्यावी तर खात्रीची घ्यावी, असं माझी आई म्हणायची. तू माझ्या आईला फारशी ओळखत नव्हतीस.

आत्याबाईंना परवा जिना दिसला नाही. पडल्या नाहीत, मी होते.

प्रेमला


धायरी, २२ ऑगस्ट २०१०

चि. सौ. नम्रता,

रागाचं पत्र मिळालं. 'इट्स सो सिंपल, वहिनी' हे तू एकाच पानावर तीनदा लिहिलंयस. तुमच्याकडे सगळंच सिंपल असतं, म्हणून तर तुम्ही तिकडे आहात.

आणि तो प्लेअर बदलून का आणत नाही विचारतेस. विकलेला माल परत घेतला जाणार नाही, अशी पाटी बापूरावांच्या डोक्यावरच आहे. इकडच्या पाट्या तू विसरलीस. शिवाय लावून बघितल्याशिवाय चालत नाही असं कसं म्हणायचं? म्हणून गेल्या रविवारी लावून बघितलं.

आत्याबाईंनी सकाळीच न्हाऊन घेतलं. ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसल्या. मला म्हणाल्या, "टीव्हीला हळदकुकू लाव, लगीन हाय." मी लावलं. सोजरबाईंना बोलावलं होतं, त्या अक्षता घेऊनच आल्या. टीव्हीपासून हातभर अंतरावर खुर्ची ठेवली, कारण त्याहून लांबचं आता दिसत नाही. हेसुद्धा पेपर तोंडापुढे धरून कोपऱ्यात बसले. पेपर उलटत नव्हते, एवढंच.

मी डीव्हीडी आत सारली. पडदा निळा झाला आणि त्यावर इंग्रजीत एक ओळ आली. आत्याबाईंनी मान पुढे काढली.

"काय लिवलंय गं?"

मी वाचून दाखवलं. "ही तबकडी या देशासाठी नाही."

मग त्या म्हणाल्या, "म्हंजी आपल्यासाटी न्हाई."

"तसंच."

"ह्ये तिकडनं लिवून आलंय?"

"अमेरिकेची आहे म्हणूनच असं लिहून येतं, आत्याबाई."

यात खोटं काय सांग. शब्दन् शब्द खरा. त्यांना अक्षरओळख नाही, यंत्राची ओळख नाही. पोराने दोन वर्षांपूर्वी वकिलाकडून कागद पाठवला होता, तोही इंग्रजीत होता आणि तोही मीच वाचून दाखवला होता. त्यांनी दोन्ही लिखाणं एकाच हातची मानली. मी त्यांना समजावून सांगायला हवं होतं, असं तू लिहिशील. तुझ्या मम्मी आहेत, तू ये आणि समजाव.

सोजरबाई अक्षता पदरात बांधून घरी गेल्या. आत्याबाई खुर्चीवरून हलल्या नाहीत. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "लिवू दे त्याला काय लिवायचं त्ये. मला पोरीचा गळा बगायचाय." चिवट आहेत. मला वाटलं होतं तिथेच मिटेल.

ते लुगडं त्यांनी अजून घडी करू दिलेलं नाही. खाटेच्या पायथ्याशी ठेवलंय.

प्रेमला


धायरी, ३ ऑक्टोबर २०१०

नम्रता,

ठुशीचा फोटो मिळाला. केवढा मोठा करून पाठवलास, अगदी कॅलेंडरएवढा. आत्याबाईंनी तो दोन्ही हातांत घेतला, उलटा. मी सरळ केला नाही. त्या त्यावरून बोटं फिरवत विचारत होत्या, "कंची बाजू वरची?" आता त्यांना फक्त उजेड आणि अंधार कळतो. दिवाळी अजून महिनाभर लांब आहे, डॉक्टरांचा अंदाज चुकला.

तू पाठवलेले रिमोटचे आकडेही मिळाले. इंटरनेटवरून शोधलेस, कष्ट घेतलेस. तेच चार आकडे आहेत. बापूरावांनी सांगितल्यापासून मला पाठ आहेत.

आता तू विचारणार, का? उगाच फोनवर रडू नकोस, सोजरबाईंचा फोन आहे तो, त्यांना घरात कामं असतात. सरळ लिहिते.

पाच वर्षांपूर्वी आत्याबाईंचं अमेरिकेचं तिकीट आलं होतं, व्हिसा झाला होता, सहा महिने तुमच्याकडे राहायच्या होत्या. मी त्याच सहा महिन्यांत शिरवळला जाऊन माझ्या आईजवळ बसणार होते. ती अंथरुणाला खिळली होती आणि तिला माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मी पिशवी भरून ठेवली होती. आणि तुझा फोन आला, ह्याच सोजरबाईंकडे. "वहिनी, प्लीज, मला नाही जमणार हो मम्मींचं. माझी नवी नोकरी आहे. तुम्हीच सांगा ना घरी, शुगर वाढलीय, डॉक्टर नको म्हणतात. इंद्रजीतला माझं नाव कळायला नको."

मी सांगितलं. धाकटी जाऊ आहे, गयावया करते, आपण मोठेपणा घ्यावा असं वाटलं. डॉक्टर नको म्हणतात, हे मी आत्याबाईंना सांगितलं, ह्यांना सांगितलं, भावजींना फोनवर सांगितलं. सगळ्यांनी मानलं, कारण प्रेमला खोटं बोलत नाही. आणि मग आत्याबाई इथेच राहिल्या, आणि मी शिरवळचं नाव काढलं की म्हणायच्या, "तू गेल्यावर माजं कोन बगणार?" माझी आई दाराकडे तोंड करून पडायची, असं तिथल्या बाया सांगतात. गाडीचा आवाज आला की विचारायची, प्रेमी आली का. मी गेले ती तिला उचलायला.

मला हे बोलून दाखवायला पाच वर्षं एक माणूस मिळालं नाही. तू दिवाळीला ग्रीटिंग पाठवायचीस.

भावजींनी डिसेंबरची तिकिटं काढल्याचं कळवलंस. आईने बोलावल्याशिवाय उंबरा ओलांडणार नाही म्हणतात, पण बोलावणं येईल याची खात्री आहे त्यांना, कारण पोरीच्या गळ्यात ठुशी होती. बरोबर आहे त्यांचं. त्यांना हे पत्र दाखवायचं असेल तर खुशाल दाखव. मात्र शेवटपर्यंत वाचायला दे. मधली पानं काढून ठेवू नकोस.

प्लेअर मी लावणार आहे. शब्द दिलाय आत्याबाईंना, दिवाळीत लगीन दाखवते म्हणून.

प्रेमला


धायरी, १४ नोव्हेंबर २०१०

नम्रता,

तू भावजींना काही सांगितलेलं दिसत नाही. वाटलंच होतं. त्यांचं पत्र आलं ह्या आठवड्यात, माझ्या नावाने. "वहिनी, तुम्ही आईचे डोळे झालात." चांगलं लिहितात.

भाऊबीजेला हे खडकवासल्याला बहिणीकडे गेले. सोजरबाई लेकीकडे होत्या. घरात आम्ही दोघीच. मी आत्याबाईंना हिरवं लुगडं नेसवलं, निऱ्या आता मीच घालते. खुर्चीवर बसवलं. प्लेअरचा खण उघडला, चार आकडे दाबले, डीव्हीडी ठेवली. एवढं सोपं होतं, तू म्हणत होतीस तस्संच.

लागण्याआधी आवाज बंद केला.

लग्न फार छान केलंत. मांडव, झेंडू, सनईवाला, तो तर कुठून आणलात कोण जाणे. संस्कृती आली तेव्हा मला पहिल्यांदा ओळखूच आली नाही. मग तिने पदर सावरला आणि एकदम आत्याबाईच दिसल्या, तीच कपाळावरची आठी. गळ्यात ठुशी होती. घट्ट बसलेली, मधला लाल खडा नीट समोर. मी बटण दाबून चित्र थांबवलं. टीव्हीभर तिचा गळा आणि चेहरा.

"लागलं का गं?"

"लागलं."

"मग आवाज का न्हाई?"

"यंत्र आपलं आहे, डीव्हीडी परकी. चित्र येतं, आवाज येत नाही."

मग हळूच, जसं काही कुणी झोपलंय घरात, "गळ्यात काय हाय?"

मला वाटत होतं की त्या क्षणी माझी जीभ अडखळेल. तूही तेवढ्याच आशेवर असशील. नाही अडखळली. म्हटलं, "मंगळसूत्र आहे. दुसरं काही नाही, आत्याबाई. गळा मोकळाच आहे."

टीव्हीच्या उजेडात त्यांचा चेहरा बघत होते मी. रडतील असं वाटलं होतं. त्यांनी मान माझ्याकडे वळवली, बरोबर माझ्याकडे, आणि विचारलं, "तुजी आई गेली, तवा मी तुला धाडलं न्हाई. त्येचं हाय व्हय ह्ये?"

यंत्राची घरघर तेवढी ऐकू येत होती.

"लगीन हाय आन् वाजंत्री न्हाई," त्या म्हणाल्या. "प्रेमला, मी आंधळी झाले, खुळी न्हाई."

मनात म्हटलं, आता ओरडतील, शेजारपाजार गोळा करतील, ह्यांना सांगतील. मी तयार होते, नम्रता. खरं तर मला तेच हवं होतं. एकदा कुणीतरी मला मोठ्याने काही म्हणावं.

त्या म्हणाल्या, "बरं. न्हाई म्हनतीस तर न्हाई. मला आता तुज्याच डोळ्यानं बगायचंय, आन् तुज्याच हातनं खायचंय. लिव त्याला. येऊ नको म्हनावं. आईनं सांगितलंय म्हनून लिव."

मग म्हणाल्या, "पानी दे."

मी पाणी दिलं. पेला शोधताना त्यांचा हात माझ्या मनगटाला लागला आणि त्यांनी तो तसाच ठेवला, पाणी संपेपर्यंत. मी काढून घेतला नाही. त्यानंतर स्वयंपाकघरात जाऊन मी ओट्यावर डोकं टेकलं आणि माझ्या आईला हाक मारली. ते तुला कशाला सांगतेय कोण जाणे.

तर निरोप असा की, येऊ नका. तिकिटं रद्द करा. मी नाही, त्यांनी सांगितलंय, आणि हे वाक्य त्यांच्याच तोंडचं आहे. भावजींनी सोजरबाईंच्या फोनवर बोलावून विचारलं तरी त्या हेच सांगतील. काल ह्यांनाही सांगितलं त्यांनी. "पोरीनं ठुशी घातली न्हाई," म्हणाल्या, अगदी सरळ आवाजात. माझ्यापेक्षा चांगलं खोटं बोलतात. ह्यांनी मान हलवली आणि बाहेर जाऊन बसले. त्यांनाही भाऊ हवा होता बहुतेक.

तू आता काय करशील, ते मी बऱ्याचदा मनात घोळवते. खरं सांगितलंस, तर सगळं खरं सांगावं लागेल. नाही सांगितलंस, तर जन्मभर नवरा शेजारी बसून विचारेल, आईला आपलं काय खुपलं गं? आणि तू म्हणशील, काय माहीत. मला पाच वर्षं जमलं. तुलाही जमेल.

संस्कृतीला सांग, लग्नात फार सुंदर दिसली.

मी रोज दुपारी लावते, आवाज बंद ठेवून. भांडी झाली की आत्याबाई स्वतःच भिंत चाचपत येतात आणि खुर्चीवर बसतात. काही विचारत नाहीत. पोरीचा चेहरा पडद्यावर मोठा झाला की त्यांना समोर उजेड वाढल्याचं कळतं, मग हात पुढे करतात. मी त्यांची खुर्ची जरा मागे ओढून घेते.

प्रेमला